साच्यात जन्मलेला पदार्थ

पोलाद आधी जन्मतं आणि मग त्याचं काहीतरी होतं. भट्टीतून पत्रा निघतो, त्यावर शिक्का बसतो, सोबत चाचणीचा दाखला येतो, आणि मग कुणी त्याची टाकी करतो, कुणी पूल, कुणी जहाज. काम फसलं तरी पत्रा चांगला होता असं म्हणायला जागा राहते. काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेल्या पदार्थाची गोष्ट वेगळी आहे. गोदामात असतात ते तंतूंचे गठ्ठे आणि रेझिनची, म्हणजे पुढे कडक होणाऱ्या चिकट द्रवाची, पिंपं. होडी साच्यात घडत असते त्याच तासांत तिचा पदार्थही घडत असतो. होडीच्या आधी तो कुठेच नसतो.

मी फायबरच्या वस्तू तपासण्याचं काम करते. माझ्यासमोर येते तेव्हा वस्तू पुरी झालेली असते, रंगही लागलेला असतो, आणि तिच्या पोटात काय घडलंय ते मला बाहेरून ओळखायचं असतं. त्यामुळे या पदार्थाचं कौतुक करायला बसले की माझं मन विमानं आणि रॉकेटांआधी थर लावणाऱ्या माणसाकडे जातं. वस्तूही तोच घडवतो, पदार्थही तोच.

हे सगळं सुरू झालं काचेपासून. काच ठिसूळ, हे घराघरात ठाऊक आहे. 1920 च्या सुमारास इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ या तरुण इंजिनियरने काच तापवून तिचे बारीक बारीक तंतू ओढले आणि ते तोडून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो जास्त ताण सोसत होता. एक मिलिमीटर जाडीच्या काडीपेक्षा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तंतू जवळपास वीसपट ताण सोसून मगच तुटला. ग्रिफिथचं म्हणणं असं की काच मुळात दुबळी नाहीच. तिच्यातल्या सूक्ष्म भेगा तिला दुबळी करतात, आणि इतक्या बारीक तंतूत मोठी भेग राहायला जागाच नसते.

पण एकट्या तंतूला घेऊन काय करणार? तो वाकतो, दाबला तर मुडपतो. म्हणून लाखो तंतू एकत्र आणायचे आणि त्यांच्यामध्ये रेझिन भरायचं. रेझिन स्वतः फारसं बळकट नसतं. त्याचं काम तंतूंना जागेवर धरून ठेवण्याचं आणि एक तंतू तुटला तर त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांकडे पोचवण्याचं. भेग पुढे सरकत येते, तंतू आणि रेझिन यांच्या हद्दीवर पोचते आणि तिथे अडते किंवा वळते. अख्ख्या काचेत एक भेग आरपार जाते. इथे तिला प्रत्येक तंतूपाशी नव्याने भांडावं लागतं. दोन ठिसूळ गोष्टींतून एक चिवट गोष्ट तयार होते, आणि हे मला आजही विलक्षण वाटतं.

कार्बनचा तंतू नंतर आला. जपानमध्ये ओसाकाला अकिओ शिंदो यांनी आणि पुन्हा त्याच फार्नबरोला वॉट, फिलिप्स आणि जॉन्सन या तिघांनी 1960 च्या दशकात पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या धाग्यापासून तो बनवायची रीत बसवली. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर याच कुळातली. धागा ताणून धरायचा, आधी हवेत बेताने भाजायचा, मग हवा अजिबात लागू न देता हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकी सगळं उडून जातं, उरतो जवळजवळ निव्वळ कार्बन, पाच ते सात मायक्रॉन जाडीचा. घनता पोलादाच्या पावपटीहूनही कमी, आणि तंतूच्या दिशेने ओढलं तर साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त ताण सोसतो.

'तंतूच्या दिशेने' हे शब्द विसरून चालत नाहीत. एकाच दिशेने तंतू लावलेला कार्बनचा थर लांबीच्या दिशेने जेवढा ताण सोसतो, त्याच्या पंचवीस-तीस पट कमी ताणाला तो आडवा फाटतो. पोलादाला सगळ्या दिशा सारख्या. इथे भार कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं आणि त्याप्रमाणे एक थर उभा, एक आडवा, दोन तिरके, अशी मांडणी करावी लागते. कामात याला 'ले-अप' म्हणतात. कागदावर ती कोनांची एक ओळ असते. ती ओळ पाळली गेली की नाही, हे रेझिन कडक झाल्यावर उघड्या डोळ्यांनी कळत नाही.

हे पाळलं जातं तेव्हा काय होतं, त्याचं एक छोटं उदाहरण मला मोठमोठ्या विमानांहून जवळचं वाटतं. डॉ. अब्दुल कलाम हैदराबादला क्षेपणास्त्रांवर काम करत होते. 'अग्नी' क्षेपणास्त्राच्या टोकासाठी, वातावरणात परत शिरताना होणारा दाह सोसणारा कार्बनचा पदार्थ तिथे तयार झाला होता. हैदराबादच्याच निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये पोलिओ झालेली मुलं तीन-तीन किलोचे धातूचे कॅलिपर पायात अडकवून पाय ओढत चालत होती. हलक्या कॉम्पोझिटचे, म्हणजे तंतू आणि रेझिनच्या अशाच पदार्थाचे, कॅलिपर बनवले तेव्हा त्यांचं वजन भरलं 300 ग्रॅमच्या आसपास. कलाम ही हकिगत पुढे अनेक भाषणांत सांगत राहिले. देशात तेजस विमान झालं, त्याच्या सांगाड्याच्या वजनात जवळपास 45 टक्के वाटा कॉम्पोझिटचा आहे, आणि त्यासाठी बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने केलेलं काम खरोखर मोठं आहे. तरीही अडीच किलोहून जास्त ओझं पायावरून उतरलेल्या मुलाला या पदार्थाबद्दल जे कळलं असेल, ते आम्हाला आकड्यांतून कळणार नाही.

आता एका शेडमध्ये येऊ. कोकण किनाऱ्यावर, गोव्यात, कारवारपर्यंत अशा पुष्कळ शेड आहेत. वर पत्रा, बाजू उघड्या, आत होडीच्या आकाराचे पोकळ साचे. आधी साच्याला वॅक्स घासून घासून चकाकी आणायची, नाहीतर होडी साच्यालाच चिकटते. मग जेलकोट, म्हणजे बाहेरची गुळगुळीत रंगीत कातडी. तो किती वाळलाय हे घड्याळ सांगत नाही, बोट सांगतं: बोट टेकवलं की ठसा उमटला पाहिजे आणि बोटाला रंग लागता कामा नये. तो क्षण साधला की पहिली मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई. जाणते कारागीर मॅट कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात. फाटलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते, कापलेली कड तिथे उंचवटा करते.

रेझिनमध्ये ते लवकर जमावं म्हणून कोबाल्ट आधीच मिसळलेलं असतं, ते कडक करणारा हार्डनर अगदी शेवटी. ही दोन्ही एकमेकांत थेट ओतली तर भडका उडतो, म्हणून शेडमध्ये त्यांच्या बाटल्या कधीच शेजारी ठेवत नाहीत. हार्डनर पडला की वेळ सुरू. मे महिन्यात दुपारी मगातला माल बघता बघता गरम होतो, जेली होतो, आणि मग तो फेकून देण्याशिवाय इलाज नसतो. पावसाळ्यात उलटं, हवेतली ओल रेझिनला नीट जमू देत नाही. म्हणून हार्डनर किती घालायचा याचा अंदाज ऋतूप्रमाणे बदलतो, आणि तो अंदाज जुन्या कारागिराच्या डोक्यात असतो.

कोरडी मॅट पांढरीशुभ्र असते. ब्रशने रेझिन चोपडलं की पांढरेपणा ओसरतो आणि खालचा जेलकोट दिसायला लागतो. जिथे पांढरं राहिलं तिथे तंतू भिजला नाही किंवा हवा अडकली. मग खाचांचा लोखंडी रोलर फिरवायचा, आतून बाहेर, कडेकडे, बुडबुडे हाकलत. कोपऱ्यात, वळणावर, कण्याच्या खोलगट भागात हवा हटून बसते. तिथे रोलर जात नाही, ब्रशचं टोक उभं धरून ठोकावं लागतं. रेझिन जास्त झालं तर सोपं जातं, सगळं पटकन भिजतं. पण जास्तीचं रेझिन म्हणजे नुसतं वजन आणि ठिसूळपणा. हातकामाच्या मॅटमध्ये वजनाने तिसरा हिस्सा काच साधली तर चांगलं. कमी रेझिनमध्ये पूर्ण भिजवणं, हीच यातली खरी कारागिरी, आणि ती दिवसभर वाकून, रेझिनमधल्या स्टायरीनच्या उग्र वासात, काचेच्या बारीक कुसांनी अंगाला खाज सुटलेली असताना करायची असते.

अशाच एका शेडमधून निघालेली बोट पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आली आहे. मांडवी नदीत दिवार बेट आहे. रायबंदरहून किंवा जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जाता येतं. तिथल्या ॲक्वेरियस यार्डात रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी 'म्हादेई' बांधली. आराखडा डच, लांबी 56 फूट. कवचाचा गाभा लाकडी पट्ट्यांचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतू आणि इपॉक्सी नावाचं रेझिन. या रचनेत वाकवणारा भार बाहेरच्या दोन कातड्या घेतात, एक ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मधला हलका गाभा त्या दोघींना अंतरावर धरून ठेवतो. अंतर वाढलं की ताठपणा झपाट्याने वाढतो, वजन मात्र जेमतेम. अट एकच: कातडी गाभ्याला सगळीकडे चिकटलेली हवी. एक हातभर जागा सुटली की तिथे सगळं गणित कोलमडतं.

एकट्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहत. 2009 च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत 2010 च्या मे महिन्यात परतले. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी हीच बोट घेऊन कुठेही न थांबता जग फिरून आले. नंतर त्याच यार्डाची 'तारिणी' घेऊन 2017-18 मध्ये नौदलातल्या सहा स्त्रिया गेल्या. दक्षिण महासागरात लाट दिवस-रात्र बोटीला उचलून आपटते, आणि प्रत्येक आपटीत कवचाचा एकेक चौरस फूट ताणला जातो, दाबला जातो. हजारो मैल हे चालू असताना थर सुटले नाहीत. दोंदे आणि टॉमी यांची नावं आपल्याला माहीत आहेत, असलीच पाहिजेत. कवचावर रोलर फिरवणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली मला तरी आढळली नाहीत.

(दांडेकरांच्याच 'होडी इनोव्हेशन्स'ने पुढे नौदलासाठी एक जहाज बांधलं, त्यात फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून घेतलेलं रूप, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली झालेलं काम. 'कौंडिण्य' नावाने ते 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात आलं. काचतंतूवर हात बसलेल्या माणसाने नारळाच्या तंतूकडे वळावं, याचा मला फार आनंद झाला.)

उद्योगाने हे हाताचं काम यंत्रात न्यायचे पुष्कळ प्रयत्न केले, आणि त्यांची सुरुवात वाईट झाली. रोल्स-रॉईसने आरबी-211 या इंजिनासाठी कार्बनची पंख्याची पाती बनवली होती, नाव 'हायफिल'. वजनात मोठी बचत होणार होती. 1970 मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत पाती टिकली नाहीत. शेवटी टायटॅनियमची घ्यावी लागली. इंजिनाचा एकूण खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि 4 फेब्रुवारी 1971 ला कंपनी दिवाळखोरीत गेली. तंतूंच्या दिशेने ते पातं बळकटच होतं, पण पक्षी बाजूने आदळतो. पुढे जनरल इलेक्ट्रिकने जीई-90 मध्ये कार्बनचं पातं यशस्वी केलं, 1995 पासून ते उडतंय, पण त्याच्या पुढच्या कडेला टायटॅनियमचं कवच आहे. दोन्ही पदार्थांना आपापली जागा मिळाली.

आज विमानाच्या भागांसाठी तंतू कारखान्यातूनच रेझिन लावून येतात आणि उणे 18 अंशांना फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे ते वेळेआधी जमू नयेत. यंत्राचा हात पट्ट्या मोजून मापून साच्यावर अंथरतो, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, 180 अंशांच्या आसपास तो माल शिजतो. बोइंग 787 च्या वजनात अर्धा वाटा अशा पदार्थांचा आहे, एअरबस ए-350 मध्ये 53 टक्के. 787 चं धड नळकांड्यांसारख्या अखंड भागांत होतं आणि ते भाग मग जोडतात. त्या जोडांतल्या फटी ठरलेल्या मापापेक्षा, म्हणजे इंचाच्या पाच सहस्रांशापेक्षा, जास्त आढळल्या आणि 2021-22 मध्ये विमानांचा ताबा देणं बराच काळ थांबलं. धातू थोडासा वाकून शेजाऱ्याशी जुळवून घेतो. कार्बन घेत नाही. यंत्र आलं तरी माणसाची नजर हवीच, फक्त तिचं माप केसाच्या जाडीवर आलं.

टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली टायटन पाणबुडी खोल पाण्यात चिरडली गेल्याची बातमी 2023 च्या जून महिन्यात आली तेव्हा या व्यवसायातल्या सगळ्यांच्या पोटात खड्डा पडला असणार. ते अवशेष 3,800 मीटर खोल आहेत. तिथे दाब वातावरणाच्या साधारण 380 पट. टायटनचं नळकांडं कार्बनचं, पाच इंच जाड, दोन्ही टोकांना टायटॅनियम. तंतूचं खरं बळ ओढण्यात. दाबलं की तो मुडपू पाहतो, आणि त्याला सरळ ठेवायची जबाबदारी रेझिनवर येते. तिथे एक सुरकुती, एक पोकळी, एक सुटलेला थर असेल तर भार नेमका तिथे गोळा होतो. चौकशीत त्या कवचात सुरकुत्या, पोकळ्या आणि सच्छिद्रता सापडल्या. 2022 च्या एका फेरीनंतर मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर सेन्सरांची नोंदही बदलली होती. पाणबुडी तरीही वापरात राहिली. पाच माणसं गेली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने अहवालात स्पष्ट लिहिलं की हे टाळता आलं असतं.

मला यातला तो आवाज विसरता येत नाही, कारण माझं निम्मं काम आवाजावर चालतं. धातूला ठोकर बसली तर पोचा पडतो, म्हणजे तो स्वतःच तक्रार करतो. फायबरवर आघात झाला तर वरची कातडी लवचीकपणे परत जागेवर येते आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. हर्णैच्या बंदरात एका मासेमारी होडीची बाजू धक्क्यावर घासली होती. तांडेल म्हणाले, "ताई, रंग खरवडलाय नुसता, बाकी काही नाही." मी खिशातलं नाणं काढून कडेपासून ठोकत गेले. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसंच हे. टण, टण, टण, आणि खरवड्यापासून वीतभर लांब एकदम थप्प. खडूने खूण केली. पुन्हा टण, पुन्हा थप्प. खुणा जोडल्या तर जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ झालं, आणि त्यातला रंग अगदी शाबूत होता. तांडेलांनी माझ्या हातातून नाणं घेतलं आणि स्वतः वाजवून पाहिलं. "आता वाजतंय खरं," म्हणाले, आणि होडी वर ओढायला माणसं बोलावली.

तपासणीसाठी आता अल्ट्रासाउंड आहे, उष्णतेच्या लहरी टिपणारे कॅमेरे आहेत, थरांतच पुरलेले प्रकाशतंतूंचे सेन्सर आहेत जे आतला ताण सतत कळवत राहतात. मोठ्या भागांसाठी साच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून आतली हवा पंपाने ओढतात आणि रेझिन आपोआप शोषलं जातं. पवनचक्क्यांची पाती अशीच होतात. या पद्धतीत कामगाराच्या नाकात वाफ फारच कमी जाते, आणि केवळ त्यासाठीही ती आपल्या लहान शेडपर्यंत पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं. आज तिथे पुष्कळ ठिकाणी तोंडाला रुमाल बांधून काम चालतं. रुमाल स्टायरीनची वाफ अडवत नाही; त्याला कार्बनच्या फिल्टरचा मुखवटा लागतो. वेल्डरला परीक्षा असते, प्रमाणपत्र असतं, त्याच्या सांध्यावर त्याचा नंबर पडतो. थर लावणाऱ्यालाही ते मिळायला हवं, आणि त्या नंबराबरोबर येणारा पगारही.

एक प्रश्न मात्र थर कितीही चांगले लावले तरी उरतो, किंबहुना चांगले लावल्यामुळेच उरतो. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी ही रेझिनं एकदा जमली की पुन्हा वितळत नाहीत. पोलादाची जुनी होडी भंगारात जाऊन नवं पोलाद होते. फायबरची होडी किनाऱ्यावर पालथी पडून राहते. साताऱ्याच्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. अशा यंत्रांचं आयुष्य वीस ते पंचवीस वर्षांचं धरतात, म्हणजे त्यांची पाती उतरवायचे दिवस आलेच आहेत. अमेरिकेत वायोमिंगमध्ये जुनी पाती कापून जमिनीत पुरली गेली. सिमेंटच्या भट्टीत ती घालता येतात: रेझिन इंधन म्हणून जळतं, काच सिमेंटमध्ये मुरते, पण ज्या तंतूसाठी एवढा खटाटोप केला तो संपतो. सौम्य आम्लात सुटणाऱ्या रेझिनची पाती सीमेन्स गमेसाने 2021 मध्ये आणली, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीच्या समुद्रातल्या कास्कासी प्रकल्पात ती फिरायला लागली. त्या पात्यांतले तंतू, गाभा आणि रेझिन आयुष्य संपल्यावर वेगवेगळे काढता येतील. चाळकेवाडीची पाती त्याच्या फार आधीची आहेत. त्यांच्या रेझिनला ते आम्ल लागू पडत नाही.